हिवाळी फुलझाडं कुठली लावू? आणि माझ्या शेवंतीला कळ्याच येत नाहीयेत

ओलीमाती | १६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात कोथरूडला राहते, आमचा मजला सगळ्यात वरचा आणि गच्चीचा एक कोपरा सोसायटीनं आम्हाला बागेसाठी दिलाय, तिथे साधारण ४० कुंड्या आहेत. जास्वंद, मोगरा, सोनचाफा, तगर, अनंत ही कायमची मंडळी आहेतच पण मला खरी हौस सीझनल फुलांची, दर हिवाळ्यात गच्ची रंगानं भरून गेली पाहिजे असं वाटतं.

दोन प्रश्न आहेत. पहिला, आत्ता झेंडू आणि झिनिया संपत आलेत, दहा बारा कुंड्या रिकाम्या होतील, त्यात या वर्षी काय लावू? पिटुनिया दरवर्षी नर्सरीतून आणते, या वेळी बी पेरून बघायचंय. ऊन सकाळी ८ पासून ४ पर्यंत मिळतं.

दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे. माझ्याकडे शेवंतीच्या सहा कुंड्या आहेत, तीन देशी पिवळीच्या (आईकडच्या, तिच्या अंगणातून फुटवे आणलेले, आता आई नाही म्हणून जास्तच जीव आहे त्यांच्यात) आणि तीन गुलाबी. गेली चार वर्षं ऑक्टोबरच्या सुरुवातीला बारीक कळ्या दिसायला लागतात आणि दिवाळीपासून पुढे महिना दीड महिना फुलं असतात. या वर्षी झाडं छान हिरवीगार, दोन फूट उंच झालीत, पण कळीचा पत्ता नाही, एकाही कुंडीत नाही. खत पाणी सगळं नेहमीचंच. काय चुकतंय?

---

निवांत_काका | १६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, शेंडे शेवटचे कधी खुडले होते? शेंडा खुडला की फुटवे वाढतात हे बरोबर, पण उशिरापर्यंत खुडत राहिलं तर कळ्या लांबतात. मी १५ ऑगस्टनंतर कात्री लावत नाही.

आणि खत काय देताय? पानं गर्द हिरवी आणि फूल नाही म्हणजे बहुतेक वेळा नत्र जास्त झालेलं असतं. शेणखत, युरिया, १९:१९:१९ हे सगळं आता बंद करा आणि थोडं बोनमील (हाडांचा चुरा) आणि लाकडाची राख द्या.

---

ओलीमाती | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

काका, शेवटचं खुडणं १० ऑगस्टच्या आसपास झालं, वहीत लिहिलेलं आहे. खत म्हणजे महिन्यातून एकदा गांडूळखत आणि पंधरा दिवसांनी जीवामृत, घरीच करते, २० लिटर पाण्याला १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ आणि २०० ग्रॅम बेसन. गेली चार वर्षं हेच प्रमाण आहे आणि फुलं येत होती.

---

रानजाई | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

शेवंतीचं जाणकार सांगतील, मी हिवाळी फुलांबद्दल सांगते. ८ तास ऊन म्हणजे तू खूप नशीबवान आहेस गं. पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, अ‍ॅस्टर, कॅलेंड्युला, डॉग फ्लॉवर, नॅस्टर्शियम यातलं काहीही लाव, पुण्याच्या थंडीत सगळं येतं. पॅन्सी येते पण फेब्रुवारीच्या मध्यात ऊन चढलं की मान टाकते, पिटुनिया मार्चपर्यंत खेचतो.

पिटुनियाचं बी म्हणजे अगदी धूळ असते, एका ग्रॅममध्ये दहा हजाराच्या आसपास दाणे. त्यामुळे चिमूटभर बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरायचं आणि वरून माती अजिबात टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. मी पहिल्या वर्षी नेहमीसारखं वर बोटभर कोकोपीट टाकलं आणि एकही रोप आलं नाही. ट्रेमध्ये चाळलेलं कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं, आधी भरपूर भिजवून घ्यायचं, बी भुरभुरायचं, वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक, आणि पाणी फक्त स्प्रेनं किंवा ट्रे खालून पाण्यात ठेवून. सात ते दहा दिवसात हिरवे ठिपके दिसतात. दिसले की झाकण काढ नाहीतर रोपं कोलमडतात, एका रात्रीत देठाशी काळी पडून आडवी होतात. आणि ऑक्टोबर हीटचं ऊन या पोरांना सोसत नाही, हिरव्या नेटखाली ठेव, चार पाच पानं झाली की मग हळूहळू उन्हात.

---

विदर्भी | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

नागपूरहून लिहून राहिली आहे. आमच्याकडे उलटं आहे, हिवाळा असा मस्त असतो की डिसेंबर जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, पॅन्सी, स्वीट पी, हॉलीहॉक, लार्कस्पर सगळं फुलतं, पण मार्च उजाडला की संपलं. मे महिन्यात ४५ डिग्रीत काय टिकतं तर सदाफुली, ऑफिस टाइम (पोर्चुलाका), गलांडा आणि मोगरा. त्यामुळे माझं म्हणणं असं की झाड निवडताना आधी कॅलेंडर पाहायचं, नर्सरीतलं फूल नंतर. मी पहिली काही वर्षं फेब्रुवारीत फुललेला पिटुनिया पाहून घेऊन यायची, पंधरा दिवसात वाळून जायचा आणि मला वाटायचं माझ्या हातालाच गुण नाही.

शेवंतीचं मात्र नवलच आहे, आमच्या कुंड्यांत कळ्या धरल्या आहेत.

---

खिडकीतली_बाग | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

मुंबईकरांसाठी पण सांगा ना कोणीतरी. दादरला दुसऱ्या मजल्यावर पूर्वेची ग्रिल, ऊन सकाळी फार तर तीन तास. दरवर्षी पिटुनिया आणते, फुलं आठवडाभर राहतात, मग नुसत्या लांब काड्या होतात.

---

रानजाई | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:००

तीन तासात पिटुनिया काड्याच होणार, त्याला पाच सहा तास तरी ऊन हवं. तुझ्या खिडकीला टोरेनिया, छोट्या पानांचा बिगोनिया, इम्पेशन्स आणि अबोली लाव. अबोलीला सकाळचं कोवळं ऊन पुरतं आणि मुंबईची दमट हवा तिला मानवते, एकदा लागली की जवळपास वर्षभर फुलं देते. थंडी कमी म्हणून पॅन्सीच्या नादी लागू नकोस. पावसाळ्यात तेरडा.

---

अनंताक्षरी | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

अबोलीचा विषय निघाला म्हणून लिहितेय, मी मूळची सावंतवाडीची. आमच्या आजीच्या अंगणात सीझनल असं वेगळं काही आणावंच लागत नव्हतं. मिरगाचा पाऊस पडला की गेल्या वर्षीचा सांडलेला तेरडा आपोआप उगवायचा, गौरीला तोच, भाद्रपद संपेपर्यंत तो संपायचा, मग गुलबक्षी संध्याकाळी चारनंतर उघडायची, पुढे कार्तिकापासून कोरांटी, पिवळी आणि जांभळी, थंडीत अबोली सुरूच आणि शिवाय कुंदा, होळीनंतर मोगरा, आणि वैशाखात अंगणात गाडलेल्या कांद्यांतून ती मे महिन्याची लाल गोळ्यासारखी लिली. म्हणजे प्रत्येक सणाला त्या त्या वेळचं फूल दारातच असायचं आणि ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं, झाडंच आपापल्या वेळेला यायची.

आता मी ठाण्यात आहे, सहा कुंड्या आहेत, त्यातल्या चारात मी हेच लावलंय. तेरडा, गुलबक्षी, कोरांटी, अबोली. गुलबक्षीच्या काळ्या मिरीसारख्या बिया ऑफिसमधल्या सगळ्यांना वाटून झाल्यात.

---

पुरंदरचा | १७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

ओलीमाती ताई, एक विचारू का. गच्चीवर रात्री दिवा असतो का? आणि असेल तर तो कधी बसवला?

---

ओलीमाती | १७ ऑक्टोबर, रात्री १०:००

हो आहे दादा. पूर्वी साधा बल्ब होता जिन्याच्या दाराशी, तो कोणी लावायचंही नाही. जुलैमध्ये टाकीच्या पाइपची चोरी झाली तेव्हा सोसायटीनं मोठा एलईडी फ्लड लाइट बसवला, तो संध्याकाळी ७ ते सकाळी ६ आपोआप चालू असतो. पण तो पांढरा दिवा आहे, उष्णता नाही त्याला काही. त्याचा काय संबंध?

---

पुरंदरचा | १७ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मग तुमचा रोग सापडला ताई. खत बरोबर आहे, खुडणं बरोबर आहे. दिवा काढा किंवा कुंड्या हलवा.

आमच्याकडे झेंडू आणि शेवंती दोन्ही असतात, अर्धा एकर पॉलीहाऊस पण आहे त्यामुळे हे आम्हाला रोजचं. शेवंती दिवस लहान झाले की कळी धरते असं आपण म्हणतो पण खरं तर ती रात्र मोजते. पुण्यात २१ जूनच्या सुमाराला दिवस सव्वातेरा तासांचा असतो, मग कमी कमी होत २२ डिसेंबरला अकरा तासांवर येतो. रात्र सलग लांब मिळायला लागली की झाडाला कळतं आता थंडी येणार, पानं काढणं बंद करून कळ्या काढायच्या. ती रात्र सलग अंधारी पाहिजे. मध्येच उजेड पडला की झाडाचा हिशोब मोडतो, त्याला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे, ते वाढत राहतं.

पॉलीहाऊसवाले याचाच उपयोग करतात. फुलाची दांडी लांब पाहिजे म्हणून लागण झाल्यावर पहिले काही आठवडे रात्री दहा ते दोन असे दिवे लावतात, तेवढ्या वेळात झाड नुसतं उंच होतं. उंची झाली की दिवे बंद, मग कळी. आणि उन्हाळ्यात फूल पाहिजे असेल तर उलटं, संध्याकाळी काळं कापड ओढून सकाळपर्यंत अंधार करायचा. तुमच्या सोसायटीनं नकळत तुमच्या गच्चीचं पॉलीहाऊस केलंय. दोन फूट उंच, हिरवीगार, कळी नाही, अगदी तीच लक्षणं.

---

निवांत_काका | १७ ऑक्टोबर, रात्री ११:२०

दादा, तीस वर्षं बाग करतोय, शेवंतीला थंडी लागते एवढंच मनात धरून होतो. माझं नत्राचं निदान मागे घेतो. ताई, बोनमील दिलं असलं तरी त्यानं नुकसान काही नाही.

---

विदर्भी | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

थांबा थांबा, मग माझ्या पॉइन्सेटियाचं पण हेच असेल का? तीन वर्षं झाली, पानं लाल होतच नाहीत. हॉलमध्ये खिडकीशी आहे, रात्री साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते.

---

पुरंदरचा | १८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

तेच आहे. पॉइन्सेटिया पण रात्र मोजणारा. सहा साडेसहाला खोक्यानं झाका, सकाळी आठला काढा, दिवसा भरपूर उजेड. एकही दिवस चुकवायचा नाही, दीड दोन महिने. वरची पानं रंगायला लागली की मग झाकायची गरज नाही.

गुलाब, जास्वंद, सदाफुली यांना असल्या दिव्याचं काही वाटत नाही. मोठा झेंडू मात्र थोडा लांबतो, त्याला पण लहान दिवस आवडतात.

---

ओलीमाती | १८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मला खरंच रडू आलं हे वाचून. आईची झाडं माझ्या हातून जाताहेत असं दोन आठवडे वाटत होतं, मुळं कुजली असतील म्हणून एक कुंडी उपसून पण पाहिली.

दिवा बंद करायला सोसायटी तयार नाही, चोरीमुळे सगळे घाबरलेत आणि त्यांचंही चूक नाही. म्हणून आज आम्ही दोघांनी चार कुंड्या (दोन पिवळ्या, दोन गुलाबी) उचलून टाकीच्या मागे ठेवल्या, तिथे दिव्याचा उजेड पोचत नाही, मी रात्री जाऊन पाहिलं, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचता येत नाही इतका अंधार आहे. ऊन मात्र तिथे सकाळी पाच तासच. उरलेल्या दोन कुंड्या मुद्दाम दिव्याखालीच ठेवतेय, मला डोळ्यांनी फरक बघायचाय.

रानजाई, पिटुनियाचं बी आज पेरलं, तू सांगितलंस तसंच.

---

जर्सीकर | १९ ऑक्टोबर, पहाटे ५:१०

न्यू जर्सीहून. काय सुंदर माहिती आहे ही. इथे ऑगस्टच्या शेवटापासूनच प्रत्येक दुकानाबाहेर शेवंतीच्या गोल गोल कुंड्या रचलेल्या असतात, इथले लोक त्याला मम म्हणतात आणि दारात भोपळ्यांशेजारी ठेवतात. आम्ही त्याच गौरीला आणतो. बायको म्हणते परदेशात गौरीला सगळ्यात सहज मिळणारी आपली गोष्ट कुठली तर शेवंती.

इथला आत्ताचा सीझन म्हणजे कांदे पुरायचा. ट्युलिप आणि डॅफोडिल जमीन गोठायच्या आत, ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये सहा ते आठ इंच खोल पुरायचे, मग थेट एप्रिलमध्ये दर्शन. पहिल्या वर्षी ५० ट्युलिप लावले, कळ्या आल्या त्या रात्री हरणांनी साफ केले. आता डॅफोडिल लावतो, ते विषारी असतात म्हणून हरणं तोंड लावत नाहीत.

---

खिडकीतली_बाग | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

ट्युलिपचे कांदे ऑनलाइन दिसतात, आपल्याकडे येतील का? एप्रिलमध्ये श्रीनगरला ट्युलिप गार्डन बघून आले तेव्हापासून डोक्यात बसलंय.

---

निवांत_काका | १९ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

ट्युलिपच्या कांद्याला फुलण्याआधी बारा चौदा आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडे विकतात ते आधीच थंडीत ठेवलेले कांदे असतात, डिसेंबरात लावले तर पुणे नाशिककडे एकदा फूल येऊ शकतं, पुढच्या वर्षी तो कांदा पुन्हा फुलत नाही. मुंबईच्या हवेत तर पैसे घालवूच नका.

त्यापेक्षा आपल्या हवेत वर्षानुवर्षं राहणारे कांदे घ्या. निशिगंध, अ‍ॅमॅरिलिस (माझ्याकडे १९९८ साली आणलेल्या तीन कांद्यांचे आता चाळीसच्या वर झालेत, दर मार्च एप्रिलला फुलतात), पावसाची लिली, मे फ्लॉवर. ग्लॅडिओलस आत्ता लावला तर ८० ते ९० दिवसांत फूल येतं, पण त्याला काठीचा आधार द्या आणि ऊन भरपूर हवं, त्यामुळे खिडकीत नको. तुमच्यासाठी पावसाची लिली, थोडं कमी ऊन चालवून घेते.

---

मातीचे_हात | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

मी यंदा सोप्पं म्हणून पिवळा कॉसमॉस लावला होता, काहीही न करता ढिगानं फुलला. आता किलोभर बी गोळा होईल असं दिसतंय. टेकडीवर फिरायला जातो तेव्हा मुलांबरोबर टाकून येऊ का, छान पिवळी होईल टेकडी?

---

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नको, कृपा करून नको. तुमचा हेतू चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा पिवळा नारिंगी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. (तसं पाहिलं तर झेंडू, झिनिया, डेलिया आणि आपला निशिगंधसुद्धा तिकडचाच, त्यामुळे परदेशी म्हणून राग नाही.) पण झेंडू कुंडीत किंवा शेतात राहतो, आपण पेरला तर येतो. हा कॉसमॉस कुंडीबाहेर पडला की थांबत नाही. पुण्याच्या टेकड्या, घाटरस्ते, हायवेच्या कडा सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये पिवळ्या दिसतात ना, लोक उतरून फोटो काढतात, तो हाच. जिथे तो दाट वाढतो तिथलं आपलं गवत आणि पावसाळी रानफुलं, सोनकी, रानतेरडा, कवळा, यांना जागा उरत नाही. आणि गुरंही त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत म्हणून तो अजून फोफावतो.

लहानपणी वडिलांबरोबर टेकडीवर जायचे तेव्हा एका चौकोनात सात आठ प्रकारची बारीक फुलं दाखवायचे ते, आज त्याच उतारावर एकच रंग दिसतो. कुंडीत ठेवा, हौस करा, पण बी वाळायच्या आत फुलं खुडा आणि उरलेलं बी कचऱ्यात टाकू नका, जाळून टाका, कंपोस्टमध्ये पण नको. मुलांना टेकडीवर न्यायचंच असेल तर त्याची रोपं उपटायला न्या, जूनच्या शेवटी ती सहज निघतात.

---

मातीचे_हात | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

बापरे, मला खरंच कल्पना नव्हती. उद्याच खुडून टाकतो. मुलांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, धाकटी विचारतेय रानतेरडा कसा असतो.

---

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ऑगस्टमध्ये ने तिला कुठल्याही ओल्या उतारावर, गुलाबी फूल आणि मागे एक बारीक वाकडी शेपटी दिसली की तो. बागेतल्या तेरड्याचंच रानातलं भावंड.

---

नवी_पालवी | २४ ऑक्टोबर, दुपारी २:२०

नर्सरीतून रोपं आणताना काय बघायचं हे कोणी सांगेल का? रविवारी आम्ही चौघीजणी गाडी करून उरुळी कांचन सोरतापवाडीकडे चाललोय.

---

निवांत_काका | २४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:००

पूर्ण फुललेलं रोप घेऊ नका, मोह होतो पण नका. बुटकं, बुंध्यापासून फांद्या फुटलेलं, कळ्या असलेलं आणि फार तर एखादं फूल उघडलेलं घ्या म्हणजे रंग कळतो. पान उलटं करून बघा, मावा किंवा पांढरी माशी असेल तर ते एक रोप घरातल्या सगळ्या कुंड्यांना लावून देतं. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर लोंबत असतील तर रोप जुनं झालंय.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका आणि लगेच कडक उन्हातही ठेवू नका, ती नेटखाली वाढलेली असतात. चार पाच दिवस सावली, मग संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावा. पिशवीत चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो तो तसाच लावला तर पाणी बाहेरून निघून जातं आणि आतला गोळा कोरडा राहतो, कडेची माती बोटांनी हलक्या हातानं सैल करा. आणि नवीन रोपं आठवडाभर जुन्यांपासून लांब ठेवा.

---

नवी_पालवी | २७ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

काका, तुमच्या पोस्टचा प्रिंट घेऊन गेलो होतो! डायंथस १२, पिटुनिया १०, सॅल्व्हिया ६ आणले. एका ठिकाणी डेलिया इतका सुंदर होता पण पानाखाली बारीक पांढरे किडे दिसले म्हणून सोडून आले, जीवावर आलं.

---

ओलीमाती | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मंडळी, कळ्या!!! टाकीमागच्या चारही कुंड्यांत. आज सव्वासहाला चहा घेऊन वर गेले आणि टॉर्च मारून पाहिलं तर पिवळीच्या प्रत्येक शेंड्यावर हिरवे बटणासारखे दाणे, एका फांदीवर मी नऊ मोजले. २७ दिवस झाले हलवून. दिव्याखालच्या दोघी तशाच, नुसती पानं.

तिथेच खाली बसले थोडा वेळ. आई पहिली कळी दिसली की घरात येऊन सगळ्यांना हाका मारायची, मी तेच केलं, लेक झोपेतून उठून आली.

पुरंदरचा दादा, आता पुढे काय?

---

पुरंदरचा | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

वाचून बरं वाटलं ताई. आता नत्र अजिबात नको. पाणी बुंध्याशी द्या, कळ्या पानांवर नको, थंडीत पानं ओली राहिली की करपा येतो, म्हणजे पानांवर डाग पडतात. मावा कळीच्या देठाला बसतो, दिसला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा. फांद्या वजनानं वाकतील, आत्ताच काड्या लावा. आणि रंग दिसेपर्यंत जागा बदलू नका, मधेच उजेडात आणलं तर कळी अर्ध्यात अडकते.

---

विदर्भी | १० डिसेंबर, रात्री ९:००

माझ्या पॉइन्सेटियाची वरची सहा पानं लाल झाली! ५१ दिवस रोज खोकं घातलं, एक दिवस लग्नाला गेलो तर शेजारच्या काकूंना किल्ली देऊन गेली होती फक्त खोक्यासाठी.

---

ओलीमाती | २८ डिसेंबर, दुपारी ४:३०

फुलली. पिवळी आधी उघडली, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या घटाला पहिली फुलं वाहिली, आणि आता गुलाबीही पूर्ण उघडलीय. पिवळीच्या एका कुंडीवर आज ६४ फुलं आहेत, लेकीनं मोजली. दिव्याखालच्या दोन कुंड्या अडीच फुटांवर गेल्या, अजून एक कळी नाही, माती तीच, पाणी तेच, खत तेच.

परवा मी अध्यक्षांना वर बोलावलं आणि दोन्हीकडच्या कुंड्या शेजारी ठेवून दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले. पुढच्या महिन्यात तिथे कोणी आलं तरच लागणारा सेन्सरचा दिवा बसवायचं ठरलंय, वीजही वाचेल म्हणाले.

पिटुनियाची बी पेरलेली ३८ रोपं जगली, २० मी लावली, बाकीची मजल्यामजल्यावर वाटली. पहिलं फूल २१ डिसेंबरला आलं, जांभळं.

---

रानजाई | २८ डिसेंबर, सायंकाळी ५:१०

किती छान! जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला भेटूया का, पुण्यातले जे आहेत ते? आणि तुझ्या आईच्या पिवळीचा एखादा फुटवा मिळेल का गं?

---

पुरंदरचा | २८ डिसेंबर, रात्री ८:१५

ताई, फुलं संपली की झाड फेकू नका, जमिनीपासून चार पाच बोटं ठेवून छाटा. बुडातून काश्या (फुटवे) फुटतील, त्या मुळासकट वेगळ्या करता येतात. उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जगवा, जूनमध्ये नव्या मातीत लावा. दिव्याखालच्या दोन कुंड्या पण आता टाकीमागे न्या, फेब्रुवारी संपता संपता त्या पण फुलतील.

---

ओलीमाती | २८ डिसेंबर, रात्री ९:४०

दादा, नेल्या आत्ताच. रानजाई, तुझ्यासाठी चार फुटवे आणि अनंताक्षरीसाठी दोन, वहीत नावं लिहून ठेवलीत, फेब्रुवारीअखेर छाटणी करेन तेव्हा कळवते. अनंताक्षरी, येताना तुझ्याकडची कोरांटी आण, मला जांभळी हवीय.